पिकअपचे पुढचे ब्रेक : दुसऱ्या गाडीचे कॅलिपर आणि डिस्क बसवताना

सडकसखा

जुन्या टोयोटा पिकअपच्या पुढच्या ब्रेकबद्दल नेमकी माहिती एका जागी यावी म्हणून हा धागा.

गाडी : टोयोटा ४×४ पिकअप, १९८४, पुढे सॉलिड अॅक्सल (दोन्ही चाकं एकाच सलग आसावर). टायर ३३ इंची, मागे टपावर आणि हौद्यात मिळून बऱ्यापैकी वजन. पुढची डिस्क सॉलिड, म्हणजे मधे हवेची पोकळी नसलेली, जेमतेम १२ मिलिमीटर जाडीची. लांब उतारावर पेडल कडक राहतं पण गाडी थांबत नाही, चाकाजवळ जळका वास येतो. पॅड नवे, डिस्क मर्यादेत, गळती कुठेही नाही.

विचार असा : कॅलिपर (पिस्टनने पॅड डिस्कवर दाबणारा भाग) १९८९ ते ९५ मधल्या व्ही-६ फोररनरचे (अंगावर 'एस१२डब्ल्यू' अशी ओतीव खूण), डिस्क लँड क्रूझर ६० मालिकेची, पोकळीची, २० मिलिमीटर जाड. हब (डिस्क आणि चाक ज्याला बसतं तो मधला फिरता भाग) मूळचाच ठेवायचा. मास्टर सिलिंडरही (पेडलच्या जोराने ऑइलवर दाब देणारा) एक इंची घ्यावा असं बरेच जण सुचवतात.

प्रश्न तीन. मास्टर बदलणं खरंच गरजेचं आहे का? डस्ट शील्डचा (डिस्कच्या आतल्या बाजूच्या आडोशाचा) पत्रा कापावा की काढून टाकावा? मागच्या लोड सेन्सिंग व्हॉल्व्हचं (वजनाप्रमाणे मागच्या ब्रेकचा दाब कमी-जास्त करणाऱ्या झडपेचं) काय करायचं?

नटबोल्ट

पेडल कडक आणि गाडी थांबत नाही, म्हणजे पॅडचं घर्षण तापून मेलंय. पेडल मऊ होऊन खाली जात असतं तर ऑइल उकळलं असं म्हटलं असतं. दोन्हींची औषधं वेगळी. तुमच्या लक्षणाला जाड डिस्क हेच उत्तर आहे, दिशा बरोबर आहे.

मास्टरचं आत्ताच ठरवू नका. आधी कॅलिपर-डिस्क बसवा, हवा काढा, पेडल बघा.

घर्षणांक

मास्टरवर सविस्तर लिहितो. या अदलाबदलीत सगळ्यात जास्त चुका तिथेच होतात.

पायाचा जोर तोच ठेवला तर ब्रेकचा पीळ तीन गोष्टींवर ठरतो : कॅलिपरच्या पिस्टनचं क्षेत्रफळ, डिस्कच्या मध्यापासून पॅडच्या मध्यापर्यंतचं अंतर, आणि मास्टरच्या बोअरचं (आतल्या गोल पोकळीचं) क्षेत्रफळ. पहिल्या दोन वाढल्या की पीळ वाढतो. तिसरी वाढली की कमी होतो, कारण तोच जोर मोठ्या पिस्टनवर पसरतो आणि ऑइलचा दाब उतरतो.

पुढचे पिस्टन आणि पॅडचे आकडे उदाहरणापुरते धरा, तुमच्या हातातल्या भागांवर व्हर्नियर लावून स्वतःचे टाका. जुना कॅलिपर : एका बाजूला ४३ मिलिमीटरचे दोन पिस्टन, क्षेत्रफळ २९ चौरस सेंटिमीटर. नवा : ४५ मिलिमीटरचे दोन, ३१.८ चौरस सेंटिमीटर. वाढ साडेनऊ टक्के. पॅडचा मध्य ११५ वरून १२० मिलिमीटरवर गेला तर आणखी चार टक्के. एकूण पीळ सुमारे १४ टक्के वाढला.

आता मास्टर. ७/८ इंची बोअर म्हणजे २२.२ मिलिमीटर, ३.८८ चौरस सेंटिमीटर. १५/१६ इंची ४.४५. एक इंची ५.०७. सात अष्टमांशावरून थेट एक इंचीवर गेलात की त्याच पायाला दाब जवळजवळ २३ टक्क्यांनी उतरतो. १.१४ गुणिले ०.७७ म्हणजे ०.८८. सगळा खर्च करून, त्याच पायाला ब्रेक आधीपेक्षा १२ टक्के कमी! पेडल मात्र दगडासारखं कडक लागतं, म्हणून 'ब्रेक भारी झाला' असं वाटतं. कडक पेडल आणि जोरदार ब्रेक या दोन निरनिराळ्या गोष्टी आहेत.

१५/१६ घेतलात तर पीळ जवळपास होता तेवढाच राहतो.

सडकसखा

पण मोठ्या पिस्टनला ऑइल जास्त लागणार, म्हणून पेडल खाली जाईल, असं मोठ्या मास्टरच्या बाजूने सांगतात. त्याचं काय?

घर्षणांक

जास्त लागतं, पण किती ते मोजून बघा. पॅड डिस्कला टेकून घट्ट व्हायला प्रत्येक पिस्टन ०.३ मिलिमीटर सरकला असं धरू. दोन्ही चाकांचे मिळून आठ पिस्टन. जुन्यांना ३.५ घन सेंटिमीटर ऑइल, नव्यांना ३.८. फरक ०.३ च्या आसपास. ७/८ इंची मास्टरमध्ये हा फरक म्हणजे पिस्टनची एक मिलिमीटरहूनही कमी हालचाल. पेडलची तरफ चारास एक धरली तर पायाखाली तीन-साडेतीन मिलिमीटर.

तेवढं कुणाला जाणवतही नाही. कॅलिपर बदलल्यावर पेडल दोन इंच खाली गेलं असेल तर दोष मास्टरच्या मापात नाही. तो हवेत आहे, मागच्या ड्रमच्या ढिल्या शूमध्ये आहे, नाहीतर बेअरिंगमध्ये. तिथे मोठा मास्टर लावणं म्हणजे दुखणं झाकणं.

बोअर किती ते बघायला मास्टर उघडावा लागत नाही. बहुतेकांच्या अंगावर १३/१६, ७/८, १५/१६ असा आकडा ओतलेला असतो. आरसा आणि बॅटरी पुरते.

जुनापाना

मागच्या शूबद्दल घर्षणांक यांनी लिहिलं त्यावर दुहेरी रेघ ओढा. पुढच्या ब्रेकला हात लावण्याआधी मागचे ड्रम उघडा. शू आणि ड्रममधली फट जास्त असेल तर पेडलचा निम्मा प्रवास ती भरण्यातच जातो. अॅडजस्टरचे दाते गंजून जाम झालेले असतात आणि हँडब्रेकने ते आपोआप पुढे सरकत नाहीत. चाकी मोकळी करा, आटे साफ करा, ड्रम चढवून हाताने फिरवा. शू किंचित घासल्याचा आवाज येईपर्यंत पुढे घ्या, मग एक-दोन दाते मागे.

ओळखायची खूण सोपी. पहिल्या दाबाला पेडल खाली, लगेच दुसऱ्या दाबाला वर आणि कडक : फट जास्त. किती दाबलं तरी स्पंजासारखं : हवा. दाबून धरल्यावर हळूहळू खाली जातं : मास्टरचं सील आतून गळतंय किंवा बाहेर कुठेतरी गळती आहे.

पहिल्या दाबाला खाली जायचं आणखी एक कारण पुढचं ढिलं बेअरिंग. वळणावर हब कलला की डिस्क पॅडना मागे ढकलते, पिस्टन आत जातात, पुढच्या दाबाला ती जागा भरावी लागते. सॉलिड अॅक्सलवर डिस्क बदलताना हब निघतोच, तेव्हा बेअरिंगचं काम त्याच वेळी नीट करून घ्या.

रानवाट

वाचतेय. जुनापाना, या अॅक्सलवर डिस्क हबच्या मागून बोल्टने असते ना? तो क्रम कुणी सविस्तर लिहील का? नुसतं 'डिस्क बदला' म्हणून भागत नाही.

जुनापाना

हो, डिस्क हबच्या आतल्या बाजूला बोल्टने बसते, चाकाच्या स्टडवरून नुसती ओढून निघत नाही.

मागच्या चाकांना ओट, पुढचा अॅक्सल घोड्यांवर (पक्क्या स्टँडवर). नुसत्या जॅकवर चाक काढू नका. कॅलिपरचे दोन बोल्ट सोडून तो तारेने स्प्रिंगला टांगा. होजवर (ब्रेकच्या रबरी नळीवर) लोंबकळत ठेवला तर होज आतून फाटतो. बाहेरून काही दिसत नाही, पण आतली रबराची जीभ झडपेसारखी वागते आणि ब्रेक सोडल्यावर चाक मोकळं होत नाही.

मग लॉकिंग हब, सर्क्लिप, आणि आत दोन मोठे नट, मधे दुमडलेला लॉक वॉशर. वॉशरच्या पाकळ्या पूर्ण सरळ केल्याशिवाय नटाला हात नको. नटाला ५४ मिलिमीटरचा बॉक्स पाना लागतो. छिन्नी-हातोडीने नट फिरवायची सवय सोडा. कोपरे तर जातातच, शिवाय लोखंडाचा कीस बेअरिंगमध्ये जातो.

हब बाहेर ओढताना बाहेरचं बेअरिंग अंगठ्याने धरा. आतलं सील काढा, ते परत वापरू नका. हब उलटा करून डिस्कचे बोल्ट सोडा. ते गंजलेले असतात, आदल्या रात्री गंज सोडवणारं तेल मारून ठेवा. डिस्क चिकटली असेल तर हबखाली लाकूड देऊन आळीपाळीने चहूबाजूंनी ठोका, एकाच जागी नको.

आता सगळ्यात दुर्लक्षिलेली पायरी. हबची जी बैठक डिस्कला टेकते ती वायर ब्रशने चमकेपर्यंत साफ करा, शेवटी पॉलिश पेपर. तिथे गंजाची पापुद्र्याएवढी खपली राहिली तरी डिस्कच्या कडेला तिचा फरक दुपटीने दिसतो. नवी डिस्क, बोल्ट समोरासमोर आळीपाळीने, शेवटचा पीळ ६४ न्यूटन-मीटर.

बेअरिंग धुवा, वाळवा (दाबाच्या हवेने गरगर फिरवून नव्हे), तळहातावर ग्रीस घेऊन जाड कडेने दाबत जा, रोलरच्या दुसऱ्या बाजूने ग्रीस बाहेर येईपर्यंत. नवं सील, हब चढवा. आधी नट चांगला आवळून हब दोन्ही दिशांनी फिरवत बेअरिंग बसू द्या, मग ढिला करून परत हलका आवळा. शेवटचा ताण स्प्रिंग काट्याने बघायचा असतो, त्याचा आकडा तुमच्या वर्षाच्या वर्कशॉप मॅन्युअलमधून घ्या. नवा लॉक वॉशर, एक पाकळी आत, एक बाहेर.

नंतर डायल गेज लावून डिस्कचा डगमग बघा. ०.१ मिलिमीटरच्या आत हवा, ०.०५ आला तर उत्तम. बेअरिंग ढिलं असताना हे माप घेऊन काही उपयोग नाही, गेज डिस्कचं नव्हे, बेअरिंगचं माप दाखवतो.

रानवाट

अगदी हेच हवं होतं, धन्यवाद. एक भर घालते. हब मूळचाच ठेवायचा हा सडकसखा यांचा निर्णय मला पटतो. दुसरा रस्ता म्हणजे १९८६ नंतरच्या आयएफएस (पुढची चाकं स्वतंत्र सस्पेन्शनवर असलेल्या) पिकअपचा हब आणि त्याचीच पोकळीची डिस्क. तेही बसतं, पण चाकं प्रत्येक बाजूला सुमारे दीड इंच बाहेर जातात. पुढची रुंदी मागच्याहून वाढते, टायर फेंडरच्या बाहेर येतात, बेअरिंगवरचा भार वाढतो. रुंदी मुद्दाम हवी असेल तरच तो घ्यावा.

नटबोल्ट

+१

आणि कॅलिपर बसवताना डावा-उजवा बघा. हवा काढायचं निपल वर आलं पाहिजे. उलट बाजूचा बसवला तरी बोल्ट लागतात, पाइप लागतो, सगळं ठीक दिसतं. निपल खाली येतं, हवा वर अडकते, लिटरभर ऑइल घालवलं तरी पेडल स्पंजासारखंच. 'हवा निघतच नाही' अशा तक्रारीत हे पहिल्यांदा बघायचं.

कारखानदार

भंगारातून कॅलिपर आणणार असाल तर उघडल्याशिवाय बसवू नका. ब्रेक ऑइल हवेतलं पाणी ओढतं आणि पिस्टन सीलच्या बाहेरच्या भागात, धूळ-बूटखाली, गंजतो. बाहेरून कॅलिपर रंगवून नवा दिसेल, आत पिस्टनवर टाचणीच्या टोकाएवढे खड्डे असतील. नखाने चाचपून लागले तर पिस्टन फेकायचा. पॉलिश करून खड्डा जात नाही, फक्त क्रोम जातो.

पिस्टन दाबाच्या हवेने काढताना चारही एकदम निघत नाहीत. एक मोकळा झाला की हवा तिथूनच निसटते. म्हणून मोकळ्या होणाऱ्याला लाकडाचा ठोकळा आणि सी-क्लॅम्पने अडवून बाकीचे आळीपाळीने बाहेर आणा. बोटं मधे घालू नका. पिस्टन बंदुकीच्या गोळीसारखा सुटतो आणि बोट चिरडतं. हवा अगदी हलकी द्या.

दोन अर्धे जोडणारे बोल्ट सोडू नका. पिस्टनसाठी त्यांची गरजच पडत नाही.

सीलचं खाचं लाकडी किंवा प्लॅस्टिकच्या टोकाने साफ करा. तिथला पांढरा, कडक थर सीलला बाहेर ढकलतो, मग पिस्टन अडकतो आणि पॅड एका बाजूने झिजतं. हे चौकोनी छेदाचं सील फक्त गळती थांबवत नाही. ब्रेक दाबला की ते पिस्टनबरोबर किंचित पिळवटतं, सोडल्यावर सरळ होताना पिस्टन मागे ओढतं. डिस्क आणि पॅडमधली केसाएवढी फट तेच ठेवतं. जुनं, टणक झालेलं सील ते काम करत नाही.

धुवायला पेट्रोल, डिझेल, रॉकेल काहीही नको. हे रबर खनिज तेलाने फुगतं. ब्रेक क्लीनर किंवा स्वच्छ ब्रेक ऑइल, आणि बसवताना लाल रबर ग्रीस.

सडकसखा

हे सगळं उपयोगी आहे. आता पत्र्याचं. माझा कल पूर्ण काढायकडे होता. हवा जास्त लागेल, डिस्क थंड राहील.

टायरखाली

काढूनच टाका. त्या पत्र्याचा काही उपयोग नाही, खडे अडकून किरकिर वाजतो तेवढाच.

रानवाट

टायरखाली, या बाबतीत मी असहमत. पत्रा आतल्या बाजूने डिस्कवर येणारं पाणी आणि चिखल अडवतो. नकलचं (चाक वळवणाऱ्या सांध्याचं) रबर-फेल्ट सील, टाय रॉडच्या टोकाचं रबर आणि होज यांना डिस्कच्या उष्णतेपासून थोडा आडोसा देतो. उतारावर डिस्क लाल व्हायच्या आसपास गेली तर हे रबर अगदी शेजारी आहे.

दुसरं, या अॅक्सलवर पत्र्याची मधली गोल कडी स्पिंडलच्या (हब ज्यावर फिरतो त्या दांड्याच्या) बोल्टांखाली दबलेली असते. पूर्ण काढला तर तिथली जाडी कमी होते, बोल्ट आवळताना फरक पडतो आणि चिखलपाण्याला वाट मिळते. कडी ठेवा, बाहेरचा पत्रा जेवढा कॅलिपरला लागतो तेवढाच कापा. कॅलिपर बसवून पेन्सिलने रेघ ओढा, रेघेच्या बाहेर ५ मिलिमीटर जागा ठेवून कापा, कानशीने कडा गोल करा, रंग लावा. कापलेली कड उघडी राहिली तर गंजून डिस्ककडे वाकते.

कारखानदार

रानवाट यांच्याशी सहमत. उष्णतेचाच हिशेब मांडतो, म्हणजे हवेपेक्षा लोखंडाचं वजन किती महत्त्वाचं ते कळेल.

दोन टनांची गाडी ताशी १०० किलोमीटरवरून थांबवली तर सुमारे ७७० किलोज्यूल उष्णता ब्रेकमध्ये जाते. त्यातली ७० टक्के पुढे धरली तर एका डिस्कच्या वाट्याला २७०. डिस्कचा घासणारा भाग ४ किलोचा असेल तर एका थांब्यात ती जवळजवळ १५० अंशांनी तापते. ७ किलोचा असेल तर ८५ अंशांनी. अशा एका थांब्यात थंड व्हायला वेळच मिळत नाही, तिथे फक्त वजन कामाला येतं.

लांब उतारावर पोकळीचा फायदा दिसतो. तीच गाडी ५०० मीटर उंची उतरली आणि सगळा भार ब्रेकवर टाकला, तर ९,८०० किलोज्यूल, म्हणजे तशा १२-१३ थांब्यांएवढी उष्णता. डिस्कच्या आतली पाती पंख्यासारखी मधून हवा ओढून कडेने फेकतात, ती इथे उपयोगी. (इंजिन ब्रेकिंग, खालचा गिअर हे सगळं आहेच. कितीही मोठी डिस्क त्याला पर्याय नाही.)

काही डिस्कची पाती वाकडी असतात. त्या डाव्या-उजव्या वेगळ्या येतात, फिरण्याच्या दिशेने पाती मागे झुकलेली हवीत. सरळ पात्यांना हा प्रश्न नाही.

रानवाट

चिखलात जाणाऱ्यांसाठी एक गोष्ट. पोकळीच्या डिस्कमध्ये चिखल भरून वाळतो आणि एका बाजूला वजन वाढतं. मग ताशी ६०-७० ला स्टिअरिंग थरथरतं आणि लोक चाकं बॅलन्स करत बसतात. चिखलातून आलात की पाण्याची नळी डिस्कच्या मधून बाहेर मारा, पाती आरपार दिसेपर्यंत.

भोकांच्या डिस्क वजनदार पिकअपला घेऊ नका. भोकांच्या कडेपासून चिरा सुरू होतात.

सडकसखा

ठरलं, पत्रा कापायचा, काढायचा नाही. व्हॉल्व्हचं?

टायरखाली

लोड सेन्सिंग व्हॉल्व्ह काढून सरळ पाइप जोडा. मागचे ब्रेक पूर्ण मिळतील, पुढचे मोठे केलेच आहेत, जोडी जमेल.

घर्षणांक

टायरखाली, हा सल्ला कृपया कुणी तसाच अमलात आणू नये. का ते सांगतो.

ब्रेक मारला की भार पुढच्या चाकांवर जातो. रिकाम्या पिकअपच्या मागे आधीच वजन कमी, त्यात ते आणखी उचललं जातं. मागे पूर्ण दाब दिला तर ओल्या रस्त्यावर मागची चाकं आधी लॉक होतात आणि गाडी आडवी फिरते. पुढची लॉक झाली तर स्टिअरिंग मिळत नाही, पण गाडी निदान सरळ जाते. मागची लॉक झाली तर सावरायला वेळच नसतो. तो व्हॉल्व्ह हे टाळायलाच आहे. शिवाय या गाड्यांवर त्यातच बायपासची सोय असते. पुढचं सर्किट फुटलं तर मागे पूर्ण दाब जाऊ देते. काढला की तीही गेली.

मोठ्या पुढच्या ब्रेकमुळे वाटणी आधीच पुढे झुकते. रिकाम्या गाडीला ते सुरक्षित बाजूला आहे. भरल्या गाडीला मात्र मागच्या चाकांची पकड वाया जायला नको, म्हणून व्हॉल्व्ह जुळवून घ्या. गाडी उंच केलेली असेल तर मागचा अॅक्सल चासीपासून लांब गेलेला असतो, दांडी खाली ओढली जाते आणि व्हॉल्व्हला वाटतं गाडी कायम रिकामीच आहे. मागचे ब्रेक जवळजवळ झोपतात. उंची जेवढी वाढवली तेवढा दांडीचा खालचा टेकू वर घ्या किंवा दांडीची लांबी जुळवा. मग मोकळ्या, सपाट, ओल्या जागेत कमी वेगात ब्रेक मारून बाहेरून कुणालातरी बघायला सांगा : पुढची चाकं आधी लॉक व्हायला हवीत, मागची किंचित नंतर. रिकाम्या गाडीने बघा आणि भरल्या गाडीनेही.

टायरखाली

बायपासचं लक्षात आलं नव्हतं. मागे घेतो.

डोंगरदिवा

माझी गाडी वेगळी, पण प्रश्न याच धाग्यातला. पहिल्या पिढीची टॅकोमा (१९९५-२००४), तिला पहिल्या पिढीच्या टंड्राचे पुढचे कॅलिपर थेट बसतात हे खरं का?

नटबोल्ट

खरं. नकलच्या त्याच दोन भोकांत बसतात, ब्रॅकेट लागत नाही. तिथे डिस्क स्टडवरून ओढून निघते, हब उघडायचं काम नाही. चार गोष्टी बघा.

१६ इंची रिम हवी, १५ इंचीत कॅलिपर मावत नाही. पत्रा कापावा किंवा मागे वाकवावा लागतो. होजपासून कॅलिपरपर्यंतचा आखूड लोखंडी पाइप थोडा वळवावा लागतो, तो हाताने हळू वळवा, पक्कडीने चेपू नका. चौथं, टंड्राच्या कॅलिपरवर '१३डब्ल्यूएल' किंवा '१३डब्ल्यूई' अशी खूण असते. पॅड आणि डिस्क त्या खुणेप्रमाणेच घ्या. गाडीचं वर्ष सांगून घेतलेले पॅड चुकू शकतात.

कॅलिपरचे बोल्ट १२३ न्यूटन-मीटर, चाकाचे नट ११३.

डोंगरदिवा

रिम आतून कॅलिपरला लागते का हे चाक फिरवण्याआधी कसं कळणार?

कारखानदार

कॅलिपरच्या बाहेरच्या उंचवट्यांवर मळलेल्या मातीच्या चपट्या गोळ्या लावा, चाक चढवून दोन नट आवळा, सावकाश एक फेरा द्या, चाक काढून मातीची उरलेली जाडी मोजा. सगळ्यात पातळ जागी ३ मिलिमीटर तरी हवी. चिकटपट्टीची शिशाची वजनं रिमच्या आत असतील तर तीच आधी लागतात, ती कॅलिपरच्या पट्ट्याबाहेर हलवून घ्या.

'थोडंसं लागतंय' म्हणून चाकामागे स्पेसर टाकू नका. नटाला स्टडचे आटे पुरेसे मिळत नाहीत.

जुनापाना

कॅलिपर बसल्यावर डिस्क त्याच्या मध्यावर आहे का ते बघायला विसरू नका, विशेषतः चार पिस्टनच्या स्थिर कॅलिपरमध्ये. पॅड न घालता कॅलिपर आवळा. दोन्ही बाजूंना डिस्क आणि कॅलिपरच्या ओतीव अंगातली फट फीलर गेजने मोजा. एकीकडे ४.० आणि दुसरीकडे ३.६ आली तर चालेल. एकीकडे ५ आणि दुसरीकडे २ आली तर भाग चुकीचे आहेत किंवा डिस्क नीट बसलेली नाही. हब फिरवून डिस्कची बाहेरची कड कॅलिपरच्या पुलाला आतून घासत नाही ना तेही बघा. अशा वेळी वॉशर घालून कॅलिपर सरकवणं ही शेवटची गोष्ट, आणि तीही कडक, घासून सपाट केलेल्या पोलादी वॉशरने, दोन्ही बोल्टांना सारखी. बोल्ट नकलमध्ये निदान त्याच्या व्यासाएवढा आत गेला पाहिजे.

नकलवर वेल्डिंग करून कुणी ब्रॅकेट लावून देतो म्हणाला तर नको म्हणा. थंड होताना जोडाच्या कडेला चीर पडू शकते आणि ती रंगाखाली दिसत नाही.

सडकसखा

मास्टर तर आता बदलत नाही. पण कुणाला बदलायचाच असेल तर काय बघायचं? पुढे वाचणाऱ्यांसाठी विचारतो.

घर्षणांक

बूस्टरची (पायाचा जोर वाढवणाऱ्या डब्याची) दांडी. नव्या मास्टरच्या मागच्या खळग्याची खोली जुन्याएवढी नसेल तर दांडी आखूड किंवा लांब पडते. आखूड पडली तर पेडल नुसतं खाली जातं. लांब पडणं जास्त धोक्याचं. ब्रेक सोडल्यावरही दांडी पिस्टनला थोडं पुढे ढकलून ठेवते आणि ऑइल टाकीत परत जायचं बारीक भोक झाकलं जातं. थंड असताना काही कळत नाही. पाच-दहा किलोमीटर गेल्यावर ऑइल तापून फुगतं, जायला जागा नसते, ब्रेक आपोआप लागू लागतात, त्याने ते आणखी तापतं. चारही चाकं जाम होईपर्यंत हे चालतं.

अशी गाडी थांबली तर मास्टरचे दोन नट दोन-तीन आटे ढिले करा. चाकं लगेच मोकळी झाली तर दोष दांडीचाच. ती परत मापाने लहान करा, ढिल्या नटांवर गाडी चालवू नका.

आणि नवा मास्टर गाडीवर चढवण्याआधी व्हाइसमध्ये धरून, दोन्ही तोंडांना नळ्या लावून त्या टाकीतल्या ऑइलमध्ये बुडवा. लाकडी दांड्याने सावकाश पिस्टन दाबत बुडबुडे थांबेपर्यंत हवा काढा. गाडीवर चढवल्यावर ती हवा काढायला दिवस जातो.

नटबोल्ट

ऑइल : डॉट ४ घ्या. कोरडं असताना उत्कलनबिंदू किमान २३० अंश, पाणी शोषल्यावर १५५. डॉट ३ चे तेच आकडे २०५ आणि १४०. डॉट ५.१ चालतं. डॉट ५ सिलिकॉनचं असतं, ते यांच्यात मिसळू नका. नावं सारखी आहेत म्हणून गफलत होते.

हवा काढायचा क्रम : मास्टरपासून सगळ्यात लांबचं मागचं चाक, मग दुसरं मागचं, मग पुढची दोन, शेवटी लोड व्हॉल्व्हचं निपल. ते निपल बहुतेकांना माहीतच नसतं. स्थिर कॅलिपर भरताना रबरी हातोडीने हलकं ठोका, कोपऱ्यात बसलेले बुडबुडे वर येतात. जुन्या मास्टरवर पेडल तळापर्यंत दाबू नका, खाली लाकडाचा तुकडा ठेवा. सिलिंडरच्या न वापरलेल्या भागात गंज असतो, सील तिथे गेलं की फाटतं.

डोंगरदिवा

पॅड बसवायची रीत? काही जण म्हणतात नुसती चालवा, आपोआप बसतात.

रानवाट

नवी डिस्क आधी ब्रेक क्लीनरने दोन्ही बाजूंनी पुसा, तिच्यावर गंज न लागावा म्हणून तेलाचा हात दिलेला असतो. नंतर मोकळ्या रस्त्यावर ताशी ५० वरून १० पर्यंत मध्यम जोराने आठ-दहा वेळा वेग कमी करा, मधे अर्धा-पाऊण किलोमीटर चालू द्या. पूर्ण थांबून पेडल दाबून धरू नका. तापलेलं पॅड एकाच जागी चिकटून त्याचा थर डिस्कवर उमटतो, मग प्रत्येक फेऱ्याला तिथे झटका लागतो आणि लोक म्हणतात डिस्क वाकली. शेवटी दहा मिनिटं ब्रेक न वापरता चालवून थंड करा. वास येईल, थोडा धूरही दिसेल.

सडकसखा

क्रम असा लावतो : मागचे ड्रम आधी, मग कॅलिपर उघडून नवी सीलं, हब-बेअरिंग-डिस्क, पत्रा, मापं, शेवटी ऑइल आणि व्हॉल्व्ह. मास्टर आहे तोच. फेरबदलाची नोंद आणि विम्याला कळवणंही त्याच यादीत घेतलंय. एक राहिलं. रस्त्यावर आल्यावर पहिली तपासणी कधी आणि कशाची?

जुनापाना

पहिल्या दहा मिनिटांनी थांबा. सगळ्या जोडांवर कोरडा पांढरा कागद टेकवा, ओलसर डाग आला तर तिथे गळती. होज स्टिअरिंग पूर्ण डावीकडे आणि पूर्ण उजवीकडे फिरवून, आणि अॅक्सल खाली लोंबकळत असताना, कुठे ताणला जातो का बघा.

मग ब्रेक कमीत कमी वापरत पाच-सहा किलोमीटर चालवून चारही चाकांचं तापमान घ्या, इन्फ्रारेड थर्मामीटर असेल तर थेट डिस्कवर. पुढच्या दोघांत २०-२५ अंशांहून जास्त फरक आला तर जास्त तापलेल्या बाजूचा पिस्टन अडकतोय किंवा होज आतून बंद आहे. चाक उचला, फिरवा, घट्ट असेल तर कॅलिपरचं निपल क्षणभर सोडा. ऑइल उडून चाक मोकळं झालं तर दाब पाइपात अडकला होता, म्हणजे होज. तरीही घट्ट राहिलं तर पिस्टन. निपल लगेच बंद करून त्या चाकाची हवा परत काढा.

१०० किलोमीटरनंतर कॅलिपरचे आणि चाकाचे नटबोल्ट टॉर्क पान्याने परत बघा, हबचा खेळ चाक वर-खाली धरून बघा. नवं बेअरिंग किंवा नवं ग्रीस बसल्यावर तिथे थोडी जागा होते.